व्हिएतनामचे 'बान्ह' : याला केक म्हणू नका!

तळ्याकाठी

गेल्या महिन्यात पुण्याहून मामेबहीण आमच्याकडे हनोईला आली. येताना मोबाइलमध्ये यादी करून आणली होती आणि त्यात एक ओळ होती, 'व्हिएतनामी केक खाणे'. पहिल्याच सकाळी तिला गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या बाईंकडे नेलं. बाईंनी वाफेच्या डब्यातून केळीच्या पानात बांधलेला एक गरमागरम त्रिकोणी पुडा काढून तिच्या हातात ठेवला. तिने पान सोडलं. आत तांदळाची लुसलुशीत उकड, उकडीच्या पोटात डुकराचा खिमा आणि काळे कानासारखे मशरूम.

"हा केक?"

हा बान्ह झॉ. इंग्रजी पाटीवर त्याला केक म्हणतात, कारण 'बान्ह' शब्द दिसला की भाषांतर करणारा डोळे मिटून 'केक' लिहितो. तीन वर्षं इथे काढल्यावर माझं मत असं झालंय की केक या शब्दाने या पदार्थांचं जितकं नुकसान केलंय तितकं कशानेच केलं नसेल. लोक क्रीम शोधत येतात आणि मिरपूड सापडते.

बान्हमध्ये काय काय येतं? तांदळाच्या उकडीचे गोळे, पानात बांधून उकडलेले प्रकार, आपल्या घावन-धिरड्यासारखे तव्यावरचे प्रकार, तांदळाचे वाळवलेले पापुद्रे, थरांच्या मिठाया, मुगाच्या वड्या, आणि फ्रेंच लोक आल्यावर पाव आणि खराखुरा केकही. गोड-तिखट हा भेदच नाही. बहुतेकांचा पाया एकच : तांदूळ. गहू या हवेत होत नाही आणि जुन्या घरात भट्टी नव्हती. म्हणून सगळं वाफेवर, पाण्यात किंवा तव्यावर. ज्याच्या आजीने कोकणात चुलीवर मोदकपात्र ठेवलंय त्याला हे पाच मिनिटांत कळतं.

आता ज्याच्यासाठी हा धागा काढला त्याबद्दल. तेत, म्हणजे इथलं चांद्र नववर्ष. त्याचा मानाचा पदार्थ बान्ह चुंग. वीतभर चौकोनी, हिरवा, वजनदार पुडा. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक बाई राहतात, मी त्यांना 'बाक' म्हणते. आईवडिलांपेक्षा वयाने मोठ्या माणसाला अशी हाक मारतात. इथे तू-तुम्ही असं सरळ नसतंच, समोरच्याला काका, मावशी, दादा, आजी यातलं काहीतरी म्हणावंच लागतं. मराठी माणसाला यात शिकण्यासारखं काही नाही.

तर तेतच्या दोन दिवस आधी बाकने मला खाली अंगणात बोलावलं. माझ्याकडे काम आलं पानं पुसायचं. ही केळीची नव्हेत, 'झाँग' नावाच्या झुडपाची पानं. हळदीच्या पानाहून रुंद, गुळगुळीत, वास कच्च्या गवतासारखा. एकेक पान दोन्ही बाजूंनी धुवायचं, फडक्याने कोरडं करायचं आणि पाठीवरची जाड शीर सुरीने तासून घ्यायची, नाहीतर दुमडताना तडकतं. शंभरेक पानं पुसून झाली तेव्हा माझी बोटं हिरवी झाली होती.

मग बांधणी. चार पानं एकमेकांवर आडवी-उभी. त्यावर भिजवलेला चिकट तांदूळ, त्यावर शिजवून घोटलेली सालाशिवायची मूगडाळ, त्यावर मिरपूड आणि माशाचं खारं पाणी लावलेला पोटाकडचा चरबीदार तुकडा, पुन्हा डाळ, पुन्हा तांदूळ. बाक साच्याशिवाय बांधतात. गुडघ्यावर ठेवून चार कोपरे असे दाबतात की पट्टी लावून मापावं. मला लाकडी चौकट दिली होती, तरी माझा पुडा उशीसारखा फुगला. बांधायला बांबूच्या ओल्या चिवट्या, म्हणजे पातळ पट्ट्या. फार आवळलं तर तांदळाला फुगायला जागा नाही, सैल सोडलं तर पाणी आत. माझा सैल होता. दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा एका कोपऱ्याची पेज झाली होती. बाकने तो कोपरा मुकाट्याने स्वतःच्या ताटलीत घेतला.

शिजायला दहा-बारा तास. मोठं पातेलं, खाली लाकडं, आणि पाणी आटलं की वरून उकळतंच पाणी घालायचं, गार घातलं तर मध्ये तांदूळ कचकचीत राहतो म्हणे. म्हणून रात्रभर कोणीतरी जागं हवं. मुलांना त्या निमित्ताने झोपायला कोणी सांगत नाही. पहाटे पुडे बाहेर काढून गार पाण्यात धुतात आणि फळीखाली ओळीने ठेवून वर वजन देतात. पाणी निथळतं, कडा सरळ होतात.

आणि कापायला सुरी नाही! पान सोडायचं, त्याच बांबूच्या चिवट्या उभ्या फाडून बारीक करायच्या, पुड्यावर चांदणीसारख्या अंथरायच्या, पुडा त्यांवर पालथा घालायचा आणि एकेका चिवटीची टोकं ओढायची. आठ तुकडे, एकही चिकटत नाही. सुरीला हा भात सोडतच नाही. पानाचा हिरवा रंग वरच्या भाताला लागलेला असतो, आत पिवळी डाळ. सोबत कांद्याचं लोणचं.

याची गोष्ट इथे शाळकरी मुलालाही पाठ असते. सहाव्या हुंग राजाने मुलांना सांगितलं, पूर्वजांना वाहायला सर्वांत चांगलं जो आणील त्याला गादी. बाकीचे राजपुत्र डोंगर-समुद्रातली दुर्मीळ चीजवस्तू शोधायला गेले. लांग लिएऊ गरीब, आईविना वाढलेला. त्याला स्वप्नात कोणी सांगितलं की तांदळाहून मोलाचं काही नाही. त्याने पृथ्वीसाठी चौकोनी बान्ह चुंग केला आणि आकाशासाठी गोल, पांढरा, कुटलेल्या भाताचा बान्ह झाय. गादी त्यालाच मिळाली.

आता माझी अडचण. बाकने मला दोन पुडे दिले. इथे म्हण आहे, 'बान्ह इत गेला, बान्ह क्वी आला', म्हणजे तुम्ही एक दिलं की समोरून दुसरं यायलाच हवं. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत, तेच. मी उकडीचे मोदक केले. बाकने एक हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला, कळ्या मोजल्या, अर्धा खाल्ला आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "हा बान्ह चांगला आहे. पण आत चरबी का नाही घातली?"

माझ्या आवडीचे बाकीचे भराभर सांगते. हुए शहराचे तीन : वाटीएवढ्या बशीत वाफवलेला बान्ह बेओ, पानात चपटा बान्ह नम, आणि पारदर्शक बान्ह लॉक. कसाव्याच्या सत्त्वाची पारी, आत कोळंबी दिसते. लग्नाकडचे दोन : बान्ह फू थे, शब्दशः 'नवरा-बायको', जोडीनेच देतात, बाक निन्ह प्रांतातल्या दिन्ह बांग गावाचा प्रसिद्ध. आणि हनोईच्या हांग थान रस्त्यावरचा बान्ह कोम. 'कोम' म्हणजे कोवळ्या चिकट भाताचे हिरवे पोहे. हनोईतल्या वाँग गावचे नावाजलेले. शरद ऋतूत कमळाच्या पानात बांधून विकायला येतात आणि तो वास... असो. कोणी करून पाहणार असेल तर विचारा, मला येतं तेवढं सांगेन.

---

निवगरी

ताई, झकास धागा! पानं पुसण्याचं वाचून श्रावणातली मी आठवले. आमच्याकडे (रत्नागिरी) नागपंचमीला पातोळ्या, हळदीच्या पानांना तांदळाचं पीठ सारवायचं, वर नारळाचा चव, दुमडून वाफेवर. पानं पुसायचं काम कायम धाकट्या सुनेकडे. 🙂

चिकट तांदूळ म्हणजे नक्की कोणता? मोदकासाठी आम्ही आंबेमोहोराची पिठी घेतो, ती चालेल का?

---

उगीचच

चिकट तांदूळ म्हणजे त्यात ग्लूटन असतं ना? मग ग्लूटन न खाणाऱ्यांचं कसं?

---

तळ्याकाठी

@उगीचच, नाही हो. ग्लूटन गव्हात असतं, कुठल्याच तांदळात नसतं. इंग्रजी नावाने घोटाळा केलाय. पिष्टात दोन घटक असतात, अमायलोज आणि अमायलोपेक्टिन. आपल्या मोकळ्या भातात अमायलोज बऱ्यापैकी, म्हणून शीत सुटं राहतं. या 'नेप' तांदळात अमायलोज जवळजवळ नसतंच, सगळं अमायलोपेक्टिन, म्हणून शिजल्यावर गोंद. दाणा कच्चा असतानाच ओळखता येतो, आपला तांदूळ काचेसारखा, हा खडूसारखा पांढरा.

@निवगरी, आंबेमोहोर चिकट म्हणतो आपण, पण या मानाने तो अगदीच सुटा. आसामचा बोरा चाउल या जातीचा, तो मिळाला तर घे. मात्र बान्हमधले सगळे काही नेपचे नसतात. बान्ह कुओन, बान्ह बेओ साध्या तांदळाचे. त्यांना मोदकाची पिठीही चालेल.

---

एकादशी_दुप्पटखाशी

वाचून तोंडाला पाणी सुटलं आणि तिसऱ्या परिच्छेदात आटलं. शाकाहारी माणसाने तिकडे जाऊन काय फक्त पानं पुसायची? 😄 जानेवारीत जातोय. बरोबर ७४ वर्षांच्या सासूबाई, कांदा-लसूणही नाही. मार्गदर्शन करा.

---

तळ्याकाठी

दादा, एकच शब्द पाठ करा : 'चाय'. इथे त्याचा अर्थ शाकाहारी. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी बरेच जण 'चाय' जेवतात आणि त्या दिवशी जेवणाच्या गाड्यांवरही तशी पाटी लागते. देवळांजवळच्या चाय खानावळींत सासूबाईंची सोय होईल, तिथल्या बौद्ध परंपरेत कांदा-लसूणही टाळतात. चहा हवा असेल तर मात्र 'चा' म्हणा.

बिनधास्त खाण्यासारखा म्हणजे बान्ह चोई. तिसऱ्या चांद्र महिन्यातल्या तिसऱ्या दिवसाचा सण असतो त्याला घरोघर होतो. चिकट पिठाच्या सुपारीएवढ्या गोळीत गुळाचा एक खडा, उकळत्या पाण्यात सोडायची, तरंगली की झाली. वर तीळ. खाताना आतला गूळ वितळून जिभेवर येतो. तुमचा जानेवारी असला तरी हनोईत कोणाकडे तरी मिळेलच.

सावध राहायचं ते दिसायला निरुपद्रवी असणाऱ्यांपासून. हाय झुआंगच्या मुगाच्या वड्या, बान्ह दाउ सान्ह, सोनेरी-चांदीच्या कागदात काडेपेटीएवढी डबी. तोंडात घातली की विरघळते, आपल्या बेसनवडीची मावसबहीण. सगळे परतीच्या विमानाआधी दहा-दहा डब्या घेतात. पारंपरिक कृतीत तिला डुकराची चरबी असते! आता तेलातल्याही मिळतात, पण डबीवरचा मजकूर वाचून घ्या. हे मला नातेवाइकांना वाटून झाल्यावर कळलं. त्यातल्या दोन मावशा पक्क्या शाकाहारी. मी अजून सांगितलेलं नाही, आणि त्या हा धागा वाचत नसाव्यात.

---

सायगावकर

तळ्याकाठी ताई, लेख उत्तम पण घोर अन्याय! अख्खा दक्षिण व्हिएतनाम तुम्ही 'बाकीचे भराभर' मध्येही घेतला नाही. मी हो चि मिन्ह शहरात नऊ वर्षं आहे (आयडी त्याच्या जुन्या नावावरूनच, सायगॉन. सायगाव हे आमच्या आजोळाजवळच्या गावासारखंच वाटतं), त्यामुळे हे लिहिणं भाग आहे.

आमच्याकडे तेतला चौकोनी नसतो, लांबट दंडगोल, बान्ह तॅत. केळीच्या पानात. तांदूळ आधी नारळाच्या दुधात परततात, म्हणून त्याला अंगचीच चव असते. कान थोकडे जांभळ्या पानांच्या रसात तांदूळ रंगवतात, काप केला की जांभळा, पिवळा, पांढरा. @एकादशी, यात केळं घातलेला गोड प्रकार असतो, केळं शिजून लालसर होतं. तो पूर्ण शाकाहारी आणि सासूबाईंना आवडेल याची हमी.

उत्तरेचे बान्ह सोवळ्यातले वाटतात मला. तांदूळ, मूग, मीठ, मिरी. दक्षिणेत मेकाँगच्या खोऱ्यात नारळ मोप, साखर मोप, ताडाचा गूळ, फळं. त्यामुळे हात सैल. चाऊ डॉकला ताडगुळाचा बान्ह बॉ मिळतो. तांदळाचं आंबवलेलं पीठ वाफवलेलं, कापल्यावर आत उभ्या नळ्यांची जाळी, मधाच्या पोळ्यासारखी. पिकलेल्या ताडफळाचा गर घालतात, त्याने पिवळाधमक रंग आणि असा वास की पालघरच्या माणसाला रडू येईल. आपण ताडगोळे कोवळे खाऊन मोकळे होतो, पिकलेल्याकडे बघतही नाही.

तव्यावरचा राजा बान्ह सेओ. 'सेओ' म्हणजे पीठ तव्यावर पडल्याचा चर्रर्र आवाज. तांदळाचं पीठ, हळद, नारळाचं दूध. हळदीमुळे पिवळा दिसतो म्हणून नवखे लोक त्याला अंड्याचं समजतात. आत मोड आलेले मूग, कोळंबी. हातभर पालेभाजीच्या पानात गुंडाळून खायचा. वुंग ताऊचा बान्ह खॉत आणि फान रांगकडचा बान्ह कान म्हणजे आपले आप्पे. कानचं पात्र तर मातीचं असतं, प्रत्येक खळग्याला वेगळं मातीचं झाकण. कोळशावर बसवलेलं ते पात्र बघून माझी आई (७० पूर्ण) तिथेच फतकल मारून बसली आणि विकणाऱ्या बाईला खुणांनी सांगायला लागली की कडेने तेल सोड. बाईने सोडलंही.

आणि सोक चांगचा बान्ह पिया. चिनी तिओच्यू लोकांनी आणलेला, पापुद्र्यांचा, आत मूग, खारवलेल्या अंड्याचा बलक आणि दुरियान. दुरियानवर इथे भांडण नको.

---

उगीचच

दुरियान म्हणजे फणसाचा तो नातेवाईक ना ज्याला हॉटेलात घेत नाहीत?

---

सायगावकर

नातेवाईक नाही. शेजारी म्हणा. कापा-बरका वाद घालणाऱ्यांनी दुसऱ्याच्या फळाला नावं ठेवू नयेत.

---

बाराखडी

ताईंच्या 'केक म्हणू नका' ला जोरदार अनुमोदन, आणि एक भर.

व्हिएतनामीत साबणाच्या वडीलाही 'बान्ह' लावतात. गाडीचं चाक 'बान्ह से'. म्हणजे मुळात हा शब्द खाण्यापेक्षा आकाराशी बांधलेला दिसतो, काहीतरी थापून, दाबून, साच्यात घालून केलेली वस्तू. मराठीत असा शब्द आपल्याकडे आहेच : वडी. साबणाची वडी, कापराची वडी, नारळाची वडी, अळूची वडी, कोथिंबिरीची वडी. गोड-तिखट भेद नाही, खाण्याचं आहे की नाही हाही भेद नाही! इंग्रजीत अळूवडीला कोणी 'केक' लिहिलं तर आपल्याला जसं वाटेल, तसं हनोईच्या माणसाला वाटत असणार. (साबणाला इंग्रजीतही केक म्हणतात हे कोणीतरी काढेलच, म्हणून मीच सांगून टाकतो. पण त्या केकमध्ये खिमा कधी गेला नाही.)

उच्चाराबद्दल : 'बान्ह' मधला शेवट हनोईत 'बाइञ्'कडे झुकतो, दक्षिणेत साधा 'बान'. सूर चढता. आणि लिपीत ज्याला ते 'द'सारखं अक्षर लिहितात त्याचा उच्चार उत्तरेत 'झ', दक्षिणेत 'य'. त्यामुळे ताईंचा 'झाय' सायगावकरांकडे 'याय' होईल.

अवांतर. हनोईकडे एक काळाकुट्ट बान्ह मिळतो त्याचं नाव 'बान्ह गाय'. मराठी पर्यटक दचकतो. त्यात 'गाय' म्हणजे रॅमी नावाच्या झाडाची पानं, ती उकडून चिकट पिठात कुटतात म्हणून काळा रंग. उलट सायगावकरांच्या बान्ह बॉमधला 'बॉ' हा शब्द गाईचा! त्यातही गाय नाही, फक्त तांदूळ-साखर. आंबलेलं पीठ भांड्याच्या कडेने 'रांगत' वर चढतं म्हणून 'बॉ', अशीही एक उपपत्ती सांगतात, कारण रांगणे यालाही तोच शब्द. पण फो (नूडल्सचं सूप) खाताना 'बॉ' दिसलं तर तिथे मात्र खरोखर गोमांस असतं हे लक्षात ठेवा.

---

एकादशी_दुप्पटखाशी

थोडक्यात, गाय असेल तिथे नाही आणि नसेल तिथे आहे. सासूबाईंना सांगत नाही.

---

पणजीकार

सायगावकरांचा बान्ह बॉ वाचून आमची सान्नां आठवली. ताडीने, म्हणजे माडाच्या सुरेने पीठ फुगवायचं, वाफवायचं. ख्रिसमसला गोड सान्नांही होतात, गूळ घालून. तत्त्व एकच.

पावाचा मुद्दा मला जास्त रंजक वाटतो. गोव्यात पोर्तुगीज आले, पाव आणला आणि नावही त्यांचंच चिकटलं. व्हिएतनाममध्ये फ्रेंचांनी पाव आणला, पण यांनी त्याला स्वतःच्या कपाटात बसवलं : आधी 'बान्ह ताय' म्हणजे पाश्चात्त्यांचा बान्ह, मग 'बान्ह मी' म्हणजे गव्हाचा बान्ह. बिस्किटाचा बान्ह क्वी, फ्रेंच केकचा, म्हणजे 'गातो'चा, 'बान्ह गा तो'. ताईंच्या म्हणीतला क्वी तोच का?

थरांचा काही प्रकार आहे का तिकडे? बेबिंकच्या जातीचा?

---

सायगावकर

आहे! बान्ह या लन. नावाचा अर्थ 'डुकराची कातडी', पण @एकादशी घाबरू नका, संपूर्ण शाकाहारी. थरांच्या काप्या चरबीसकट कातडीसारख्या दिसतात एवढंच. एक थर हिरवा, पांदानच्या पानांचा. ही पानं नर्सरीत 'बासमतीचं झाड' म्हणून मिळतात, भातात घालतो तीच. दुसरा पिवळा, मुगाचा. बेबिंकला वरून निखारे आणि एकेक थर भाजायचा, इथे एकेक थर वाफवायचा. धीर तेवढाच लागतो, तूप मात्र शून्य.

माझं प्रमाण (७ इंची डबा) :
हिरवा थर : टॅपिओका स्टार्च (कसाव्याचं सत्त्व) १५० ग्रॅम, तांदळाची पिठी २५, साखर १२०, घट्ट नारळाचं दूध २०० मिली, पांदानची १०-१२ पानं १५० मिली पाण्यात वाटून गाळलेलं पाणी.
पिवळा थर : मूगडाळ १०० ग्रॅम भिजवून शिजवून घोटलेली, स्टार्च ७५, पिठी १५, साखर ८०, नारळाचं दूध २५० मिली, चिमूट मीठ.

डब्याला तेल, आधी डबा वाफेवर गरम करायचा. हिरव्याची एक पळी, पाच-सहा मिनिटं. मग पिवळा. असं पाच किंवा सात थर, सुरुवात आणि शेवट हिरव्याने. प्रत्येक वेळी पीठ ढवळून घ्या, स्टार्च खाली बसतो. पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही. चार तास तरी. सुरीला तेल.

---

निवगरी

केला काल. रडू आलं.

टॅपिओका स्टार्च मिळालं नाही म्हणून घरचा साबुदाणा मिक्सरला फिरवला, तेच तर ते असतं ना? हिरवा थर गुठळ्या-गुठळ्यांचा झाला, पिवळा त्यात बुडाला. आमच्या घरच्यांनी विचारलं ही उपासाची खिचडी हिरवी का आहे. आणि त्यात तांदूळ असल्याने उपासालाही चालेना.

---

सायगावकर

तेच ते नाही, बाई. कंद तोच, पण साबुदाणा करताना ओल्या सत्त्वाचे दाणे वळून ते भाजतात किंवा वाफवतात. म्हणजे तो अर्धवट शिजलेलाच असतो. दळला तरी कच्च्या सत्त्वासारखा पाण्यात एकजीव होत नाही, पाणी शोषून फुगतो. कच्चं सत्त्वच हवं, पांढरंशुभ्र, चिमटीत धरलं की करकरतं. पुण्या-मुंबईत केकचं सामान विकणाऱ्या दुकानांत विचारा.

---

तळ्याकाठी

माझंही असंच झालंय निवगरी, मी तर कॉर्नफ्लोअर घातलं होतं. खरवस झाला.

@पणजीकार, म्हणीतला क्वी तोच का, हे मला नक्की माहीत नाही. नाव मात्र सारखंच. 🙂

@सायगावकर, अन्याय मान्य. पण चांदोबाचे बान्ह तुम्हीही विसरलात. आठव्या चांद्र महिन्याच्या पौर्णिमेला चुंग थू. एरवी ती आपल्या भाद्रपद पौर्णिमेला येते. पण इथल्या पंचांगातला अधिक महिना आणि आपला कधीकधी वेगवेगळ्या वर्षी पडतो, म्हणून २०२५ला ६ ऑक्टोबरला ती आणि कोजागरी एकाच रात्री आल्या! आम्ही गच्चीत मसाला दूध आटवत होतो आणि खाली मुलं कागदी चांदण्यांचे कंदील घेऊन फिरत होती, सिंहाचा नाच चालला होता.

त्याचे दोन प्रकार. भाजलेला तपकिरी 'नुआंग', त्यात खारवलेला बलक, तोच चंद्र. आणि पांढरा 'झेओ', चिकट तांदूळ आधी भाजून त्याचं पीठ, साखरेचा पाक आणि पपनसाच्या फुलांचं अत्तरपाणी, साच्यात दाबला की झाला, शिजवायचंच नाही. मला झेओ फार आवडतो. नवऱ्याला तो पाटीवरची पेन्सिल खाल्ल्यासारखा वाटतो.

कंपन्या एकमेकांना याचे लाल मखमली खोके पाठवतात. ज्याला मिळतो तो पुढे पाठवतो.

---

उगीचच

म्हणजे सोनपापडी.

---

तळ्याकाठी

तंतोतंत. आमच्याकडून गेलेला एक खोका तीन आठवड्यांनी आमच्याचकडे आला. कोपऱ्यावर मुलीने चिकटवलेली फुलपाखराची टिकली होती म्हणून कळलं.

---

निवगरी

दुसरा प्रयत्न! स्टार्च मिळालं. थर वेगवेगळे दिसताहेत, सात पूर्ण!! चव अप्रतिम, पांदान आणि मूग हे लग्न कोणी जुळवलं त्याला नमस्कार. पण प्रत्येक थरावर पाण्याचे खळगे पडलेत, देवीचे व्रण असल्यासारखे, आणि दोन ठिकाणी थर सुटून आले. काय चुकलं?

---

सायगावकर

झाकणाची वाफ ठिबकतेय. दर थराला झाकण पुसा.

---

पणजीकार

किंवा झाकणाला पंचा बांधा, इडलीला बांधतात तसा. आणि सुटून आलेल्या थराचं कारण, खालचा जास्त शिजला असेल. बेबिंकला पण तसंच, खालचा थर किंचित ओलसर असतानाच वरचा ओतायचा.

---

निवगरी

पंचा! मोदकपात्राला दरवर्षी बांधते मी आणि इथे सुचलं नाही. शनिवारी परत. पांदानची चारच पानं उरलीत झाडाला, सात थर पुरतील का हो दादा?

---

सायगावकर

चारांत तीन हिरवे होतील, फिकट. उरलेले नुसत्या नारळाच्या दुधाचे पांढरे करा. झाड तेवढं वाचवा.